जेवण मागवलं आहे, जेवणच पाठवा

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या नागरिकांचा जाहीरनामा

आम्ही औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आणि अफझलपूर या तालुक्यांतले, तसंच बिदर आणि कलबुर्गी शहरांतले रहिवासी आहोत. आमच्यात दारू सोडलेले आहेत, दारूने घरचं माणूस गमावलेले आहेत, कधी थेंबही न घेतलेले आहेत आणि अधूनमधून घेणारेही आहेत. शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, बचतगटातल्या बाया आहेत, पाठीवर पिशवी घेऊन घरोघर जेवण पोचवणारी पोरं आहेत. आम्ही मिळून जाहीर करतो की, जेवण मागवायला ॲप उघडणाऱ्या माणसासमोर त्याने न मागता दारूची जाहिरात ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही. हे थांबेपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही.

आमचं म्हणणं काय आहे

ॲपवर पिठलं-भाकरी शोधा, बिर्याणी शोधा, आजारी माणसासाठी खिचडी शोधा. वाटेत बारची पट्टी येते: एकावर एक पेला मोफत. किराणा मागवायच्या पानावर दारूच्या ब्रँडचं नाव लावलेला सोडा दिसतो, त्याच नावाचं पाणी दिसतं, शून्य टक्के अल्कोहोलची बिअर दिसते. शनिवारी संध्याकाळी फोन वाजतो आणि चखण्याची, बर्फाची, पार्टीची आठवण करून देतो. पैसे भरून झाल्यावर डिलिव्हरीवाला कुठवर आला हे आपण पाहत बसतो, तेव्हा त्या नकाशाखालीही जाहिरातीसाठी जागा राखलेली असते. त्या जागेवरून नजर हटवणं अवघड असतं, कारण आपण जेवणाची वाट पाहत असतो. जाहिरातदाराला हे पक्कं ठाऊक आहे.

खानावळीत जेवायला बसलेल्या माणसाच्या पानाशेजारी वाढप्याने न विचारता दारूचा पेला आणून ठेवला, तर आपण उठून मालकाला जाब विचारू. पडद्यावर तेच घडतं तेव्हा मात्र आपण बोटाने ते बाजूला सारतो आणि विसरतो. ही सवय आम्हाला मोडायची आहे.

दारू विकण्यावर, पिण्यावर किंवा बार चालवण्यावर बंदी आणा, अशी या चळवळीची मागणी नाही. आमच्यातल्या काहींना ती हवी आहे, काहींना नको आहे. त्या वादावर आमची एकजूट अवलंबून नाही. ज्याने मागितली नाही त्याच्यापुढे दारू नाचवू नका, एवढ्यावर आम्ही सगळे एक आहोत.

या मातीचा अनुभव

दारूशी लढणं आम्हाला नवं नाही. हा भाग आधी हैदराबाद संस्थानात, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेव्हाही आणि नंतरही शिंदीची दुकानं, हातभट्टी आणि सारायी या स्वस्त देशी दारूची पाकिटं यांनी इथल्या कितीतरी पिढ्यांची मजुरी गिळली. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली. त्यामागे गावोगावच्या बायांनी वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे होते. पण सारायीचं पाकीट गेलं आणि त्याच्या जागी स्वस्त दारूचे ९० मिलीचे टेट्रापॅक आले. गावातल्या किराणा दुकानाच्या फळीमागे, चहाच्या हॉटेलात ते चोरून विकले जाऊ लागले. म्हणून २०१९ च्या जानेवारीत हजारो महिला चित्रदुर्गहून बेंगळुरूपर्यंत पायी गेल्या. त्यांत रायचूरसह आपल्या कल्याण कर्नाटकातल्या बायाही होत्या. तहसीलदारापासून विधानसौधापर्यंत त्यांनी एकच विचारलं: आमच्या दारात दारू कुणी आणली?

शेजाऱ्यांकडूनही आम्ही शिकलो आहोत. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात साक्षरतेच्या वर्गात बसणाऱ्या बायांनी सारायीचं दुकान बंद पाडलं. ती ठिणगी आंध्रभर पसरली आणि पुढच्याच वर्षी सरकारला सारायीवर बंदी घालावी लागली. महाराष्ट्रात बायांनी मतदान करून, दुकानबंदीची खूण असलेल्या आडव्या बाटलीवर शिक्का मारून, गावातली दुकानं बंद केली. गडचिरोलीत लोकांच्या रेट्याने १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली.

या प्रत्येक लढ्यात दुकानाला पत्ता होता. त्याला शटर होतं. त्याच्यापुढे ठिय्या देता येत होता, त्याच्या परवान्याचा कागद मागता येत होता. आताच्या दुकानाला दार नाही. ते आईच्या पदरात खोचलेल्या, मुलाच्या दप्तरात दडवलेल्या आणि बापाच्या उशाशी ठेवलेल्या फोनमध्ये आहे. लढण्याची रीत म्हणूनच बदलावी लागेल. लढ्याचं कारण मात्र तेच आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही विसरत नाही. बाराव्या शतकात याच बसवकल्याणात अनुभव मंटप ही शिवभक्त शरणांची विचारसभा भरत असे आणि त्या शरणांमध्ये ताडी विकून पोट भरणारे हेंडद मारय्याही होते. त्यांची वचनं आजही आहेत. विकणाऱ्यालाही माणूस म्हणून जवळ घेणारी ही परंपरा आहे. आम्ही तिचे वारस आहोत, म्हणून कुणाही विक्रेत्याचा किंवा पिणाऱ्याचा द्वेष आमच्या मनात नाही.

जाहिरात कुणाला लागते

देशात दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी असल्याचा अंदाज एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असंही ती पाहणी सांगते. यांतला जो माणूस दारू सोडायला निघतो, त्याला पहिले काही महिने रोजचा दिवस जिंकावा लागतो. बाटलीचं चित्र, ग्लासातल्या बर्फाचा आवाज, ओळखीचं लेबल एवढ्यानेही तलफ उसळते. व्यसनमुक्तीचं काम करणारा कुणीही समुपदेशक हे सांगेल. म्हणून असा माणूस बारचा रस्ता टाळतो, पिणाऱ्या दोस्तांची संगत सोडतो, संध्याकाळी घरी बसतो. घरी बसून तो जेवण मागवतो. टाळून टाळून ज्या चित्रापासून तो लांब आला, तेच चित्र त्याच्या तळहातावर येऊन बसतं.

त्यातही सर्वांत आधी त्यालाच गाठलं जातं. शनिवारी रात्री सोडा आणि चखणा मागवण्याची जुनी सवय ॲपच्या हिशेबात नोंदलेली असते. त्याने दारू सोडली ही नोंद मात्र कुठेच नसते, कारण ती करायला जागाच ठेवलेली नाही.

मग मुलं. आपल्याकडे फोन एकट्याचा नसतो. एकच फोन घरभर फिरतो: सकाळी शाळेचा गृहपाठ, दुपारी आजीचं कीर्तन, रात्री जेवणाची ऑर्डर. ‘मी १८ वर्षांवरचा आहे’ या चौकोनावर बापाने एकदा टिचकी मारली की त्या फोनवर पाहणारं प्रत्येक पोर कंपनीच्या लेखी प्रौढ ठरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई केली आहे. घरात फिरणाऱ्या एका फोनवर या मनाईचा अर्थ एकच होऊ शकतो: दारूची जाहिरात मुळात बंद ठेवा.

आणि ज्यांना दारू नकोच आहे, ते सगळे. गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी, गाणगापूरला पौर्णिमेला जाणारं कुटुंब, माणिकनगरचे भक्त, ख्वाजा बंदे नवाज दर्ग्याजवळच्या गल्लीतलं घर, गुरुनानक झिऱ्यावर सेवा करणारे, आणि कुठल्याही देवाचं नाव न घेता ‘मला दारू नको’ म्हणणारी मुलगी. कारणं निरनिराळी आहेत आणि कुणीही ती कंपनीला समजावून सांगण्याचं कारण नाही. नको म्हटलं, एवढं पुरे.

कायदा कुठे आहे आणि कुठे थांबतो

दारूपासून अंतर ठेवण्याचा हक्क कायद्याने आम्हाला आधीच दिला आहे. कर्नाटकाच्या अबकारी नियमांनुसार शाळा, प्रार्थनास्थळं आणि रुग्णालयं यांच्यापासून १०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून दुकानं ५०० मीटर दूर ठेवायला सांगितलं, कारण नुसत्या दिसण्याने आणि सहज मिळण्यानेही दारू माणसाला खेचते. फोन आणि डोळे यांच्यात एका विताचं अंतर आहे. तिथे मीटर कोण मोजणार?

टीव्हीवर दारूची थेट किंवा आडून जाहिरात करायला १९९४ चे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम मनाई करतात. आमच्या सीमेपलीकडे उदगीर, देगलूर, अक्कलकोटला लागू असलेल्या महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं कलम २४ दारूच्या जाहिरातीला आळा घालतं. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि ज्या मालाच्या जाहिरातीवर बंदी आहे त्याची दुसऱ्या मालाच्या नावाने जाहिरात करायला मनाई केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या १३ क्लृप्त्यांची यादी जाहीर झाली. तिच्यात लपवलेली जाहिरात आहे आणि ग्राहकाला पुन्हापुन्हा टोकत राहणंही आहे.

म्हणजे शब्द कागदावर आहेत. पण सोड्याच्या बाटलीवरचं नाव, क्रिकेटच्या जर्सीवरचं नाव, ‘फक्त संगीत’ म्हणून दाखवलेलं नाव अजून तसंच आहे. बेंगळुरूच्या ज्या आयपीएल संघासाठी आमची पोरं जीव टाकतात, त्याचं नावच एका व्हिस्कीवरून आलं आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाला आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि दारूच्या थेट आणि आडून केलेल्या जाहिराती थांबवायला सांगावं लागलं. क्रिकेटच्या मैदानाला जे पत्र गेलं, ते जेवणाच्या ॲपलाही गेलं पाहिजे.

उशीर करून चालणार नाही, याचं आणखी एक कारण आहे. २०२० च्या टाळेबंदीत झारखंड, ओडिशा आणि पश्चिम बंगालमध्ये जेवण पोचवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी दारूही पोचवली. जुलै २०२४ मध्ये वृत्तपत्रांनी छापलं की अशाच घरपोच दारूच्या प्रायोगिक योजनेचा विचार आणखी काही राज्यांत चालू आहे, आणि त्या यादीत कर्नाटकाचं नाव होतं. आधी नजरेला सवय लावायची, मग हाताला, आणि शेवटी परवानगी मागताना सांगायचं की लोकांचीच मागणी आहे. हा क्रम आम्हाला दिसतो आहे.

आम्हाला दिली जाणारी उत्तरं

‘नको असेल तर पाहू नका.’ ज्याला दारू पाहायची नाही त्याने जेवणही मागवू नये, असा याचा अर्थ होतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईने, रात्रपाळीच्या नर्सने, परगावी शिकणाऱ्या पोराने जेवायचं कसं? जेवण ही गरज आहे. गरजेच्या दारात उभं राहून भलतंच काही गळ्यात मारणं याला निवडीचं स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

‘तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे.’ डिसेंबर २०२० मध्ये गुगलने यूट्यूबवर दारू आणि जुगाराच्या जाहिराती कमी करण्याची सोय अमेरिकेत सुरू केली आणि नंतर ती इतर देशांतही नेली. फ्रान्सने १९९१ मध्ये कायदा करून दारूच्या जाहिरातींना लगाम घातला, लिथुआनियाने १ जानेवारी २०१८ पासून त्या पूर्ण बंद केल्या. भाजीत कांदा नको, लसूण नको, हे लक्षात ठेवणारं यंत्र दारू नको हेही लक्षात ठेवू शकतं.

‘राज्याचं उत्पन्न बुडेल.’ २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्नाटकाने अबकारीतून ४०,००० कोटी रुपयांचं लक्ष्य धरलं होतं. संविधानाच्या कलम ४७ नुसार नशेच्या पदार्थांवर बंदी आणण्यासाठी झटणं हे राज्याचं कर्तव्य आहे. हे लक्ष्य आणि ते कर्तव्य एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. आम्ही सरकारला एवढंच विचारतो: तुमच्या लक्ष्यासाठी जो सोडू पाहतो आहे त्यालाच पुन्हा ओढून आणायचं का?

कंपन्यांकडे आमच्या मागण्या

१. दारू, बारच्या सवलती, तसंच दारूच्या नावाने विकला जाणारा सोडा, पाणी, पेले आणि शून्य टक्के बिअर यांच्या सर्व जाहिराती मुळातच बंद ठेवा. प्रौढ ग्राहकाने स्वतः मागितल्याशिवाय त्या सुरू करू नका.

२. ‘दारूविषयी काहीही नको’ हे बटण सेटिंगच्या पहिल्याच पानावर द्या. ते कन्नड, मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीत वाचता आलं पाहिजे. एकदा दाबलं की ॲप नवं केलं, फोन बदलला, तरी ते तसंच राहिलं पाहिजे.

३. दारूविषयी नोटिफिकेशन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप संदेश कुणालाही पाठवू नका.

४. कोण केव्हा काय खातो यावरून तो पीत असेल असा अंदाज बांधून जाहिरात दाखवू नका. बटण दाबणाऱ्याची अशी जुनी नोंद पुसून टाका, आणि बटण दाबल्याची माहिती कुणाला विकू नका.

५. ऑर्डरची वाट पाहण्याचं पान आणि पावती यांवर दारूला जागा नको.

६. २ ऑक्टोबरसारख्या कोरड्या दिवशी आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत दुकानाचं शटर खाली असतं. त्या वेळी ॲपवरची जाहिरातही खाली आली पाहिजे.

७. उद्या घरपोच दारू सुरू झालीच, तर ती न्यायला नकार देणाऱ्या कामगाराचं काम, गुण किंवा कमाई कापू नका. पुण्यात, हैदराबादेत, बेंगळुरूत जेवण पोचवणाऱ्यांत आमचीच पोरं आहेत.

सरकारकडे आमच्या मागण्या

१. दुकानासाठी जसं अंतर ठरलं आहे, तसा ॲपवरच्या दारूच्या जाहिरातीसाठी स्पष्ट नियम राज्याने करावा.

२. ग्राहकाचा नकार न पाळणं ही फसवी क्लृप्ती मानून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावर दंड करावा.

३. या दोन जिल्ह्यांत घरपोच दारूचा कोणताही प्रयोग करण्याआधी ग्रामसभांत आणि नगरपालिकांत जाहीर सुनावणी घ्यावी. तिची सूचना कन्नडबरोबर मराठी आणि उर्दूतही द्यावी.

४. अबकारीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा बाजूला काढून प्रत्येक तालुका रुग्णालयात व्यसनमुक्तीची खाट, औषध आणि समुपदेशक द्यावा.

आम्ही स्वतःला घालून घेतलेले नियम

आम्ही पिणाऱ्याचा अपमान करणार नाही, त्याचा व्हिडिओ काढणार नाही. तांड्याकडे, वस्तीकडे, कुठल्याही जातीकडे बोट दाखवणार नाही. डिलिव्हरीच्या पोराला अडवणार नाही, त्याच्याशी वाद घालणार नाही, कारण जाहिरात त्याने लावलेली नाही. दारूच्या कंपनीकडून, ॲपच्या कंपनीकडून किंवा राजकीय पक्षाकडून एक रुपयाही घेणार नाही. आमच्या सभा मराठीत होतील, कन्नडमध्ये होतील, दखनीतही होतील. सीमेचा वाद या व्यासपीठावर येणार नाही. कुठल्याही समितीत निम्म्याहून कमी बाया चालणार नाहीत.

इळकलचे महांत शिवयोगी खांद्यावर झोळी घेऊन गावोगाव हिंडले आणि लोकांकडे त्यांच्या व्यसनांची भिक्षा मागितली. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटकात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. आम्ही दरवर्षी त्या दिवशी गावोगाव गोळा झालेल्या तक्रारी एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांना, अबकारी खात्याला आणि ग्राहक प्राधिकरणाला देणार आहोत.

तुम्ही काय करायचं

जेवणाच्या ॲपवर दारूची जाहिरात दिसली की बाजूला सारण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि वेळ दिसू द्या, आपला पत्ता आणि नंबर झाका. ॲपकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तक्रार शेजारच्या शिकलेल्या मुलीने लिहावी. बचतगटाच्या बैठकीत, भजनी मंडळात, जुम्म्याच्या नमाजानंतर, शाळेच्या पालकसभेत हा जाहीरनामा मोठ्याने वाचा. घरात कुणी दारू सोडू पाहत असेल तर त्याच्या फोनवरच्या ऑफरच्या नोटिफिकेशन आजच त्याच्यासोबत बसून बंद करा, आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ त्याला लिहून द्या.

ज्याने दारू सोडायचं ठरवलं आहे तो आमचा पहिला सभासद आहे. त्याला आम्ही सांगतो: तुझ्या ‘नको’मागे आता आम्ही उभे आहोत. बाकी प्रत्येकाला आमची विनंती आहे की, पुढची ऑर्डर देण्याआधी पहिली तक्रार नोंदवा.